वाफ, डिझेल आणि मद्रास मेल

चेन्नईतल्या मराठी माणसाने इथल्या मराठी खुणांबद्दल लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप तंजावरकडे वळते. सरस्वती महाल, भोसले राजे, मोडीतली कागदपत्रे, सांबार या शब्दाची कथा! हे सगळे वाचायला मलाही आवडते. पण मी पडलो डिप्लोमावाला रेल्वे इंजिनियर. माझे मराठी नाते थोडे लोखंडी आहे, आणि ते चेन्नई सेंट्रलच्या शेजारीच उभे आहे.

सेंट्रल स्टेशनला लागून दक्षिण रेल्वेच्या मुख्यालयाची दगडी, घुमटांची इमारत आहे. आपल्यापैकी अनेकजण रोज तिच्यासमोरून जातात, काहीजण तर तिथेच नोकरी करतात. १९२२ साली ही इमारत खुली झाली, तेव्हा ती ज्या कंपनीची होती तिचे नाव होते 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे'. म्हणजे आपल्या जातीधर्माचा, भाषेचा कसलाही उत्सव या शहरात सुरू नव्हता असे गृहीत धरले, तरी 'मराठा' हा शब्द मद्रासच्या इंजिनांवर, डब्यांवर आणि तिकिटांवर रोज फिरत होता!

नावातला मराठा

ही कंपनी दोन कंपन्या एकत्र येऊन १९०८ साली झाली. त्यातली पहिली मद्रास रेल्वे. हिची पहिली गाडी १ जुलै १८५६ रोजी रॉयपुरम ते वालाजा रोड अशी धावली. रॉयपुरम स्टेशनची इमारत आजही उभी आहे आणि आपल्या देशात उभ्या असलेल्या स्टेशन इमारतींत ती सर्वांत जुनी मानली जाते. (बोरीबंदरचे १८५३ चे मूळ स्टेशन आता राहिलेले नाही.)

दुसरी सदर्न मराठा रेल्वे. इंग्रज बेळगाव, धारवाड, विजापूर या मुलखाला 'दक्षिण मराठा प्रदेश' म्हणत. १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळात या भागात माणसे अन्नावाचून मेली. धान्य दुसरीकडे होते, पण ते पोचवायला साधन नव्हते. त्यानंतर दुष्काळी भागात रेल्वे हवीच असे ठरले आणि १८८२ साली ही कंपनी निघाली. होटगी-गदग, पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा हे मीटरगेजचे मार्ग तिचे. १८९१ साली कोल्हापूरपर्यंत रूळ पोचले, तीही गाडी हीच कंपनी चालवी. १९०८ नंतर मिरजेच्या किंवा सातारा रोडच्या स्टेशनमास्तरांचे वरचे साहेब मद्रासला बसत. पुढे १४ एप्रिल १९५१ रोजी ही कंपनी दक्षिण रेल्वेत विलीन झाली आणि 'मराठा' शब्द पाटीवरून गेला.

आपले आजोबा-पणजोबा मात्र बहुतेक मिरजेच्या छोट्या गाडीने इकडे आले नाहीत. ते आले मुंबई-मद्रास मोठ्या मार्गाने. तो मार्ग जोडला गेला १८७१ साली रायचूरला. मुंबईहून पुणे-सोलापूर करत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे आपली जीआयपी आली, इकडून अरक्कोणम-गुंटकल करत मद्रास रेल्वे गेली, आणि रायचूरला दोघींचे रूळ एकमेकांना भिडले. सुमारे १२८० किलोमीटरचा हा सलग लोहमार्ग आता दीडशे वर्षांहून जुना आहे. पुढच्या वेळी मेलने मुंबईला जाताना रायचूर आले की चहा घेता घेता ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो. या मार्गावर गाडीच्या पुढे काय जोडलेले असे?

घाटाचा हिशेब

रेल्वेतल्या माणसाला राक्षसी इंजिनांचे वेड लागते, त्याचे मूळ बहुतेक वेळा एखाद्या घाटात असते. सपाटीवर रुळावरचे चाक इतके हलके फिरते की मामुली इंजिनही मोठी गाडी ओढते. खरी परीक्षा चढावर होते.

मुंबईहून मद्रासला यायचे तर पहिल्याच तासा-दोन तासांत बोरघाट लागतो. १८६३ साली तो रेल्वेसाठी खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढ, २५ बोगदे, आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांना १ फूट असा उतार. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते, आणि पटकीने व अपघातांनी किती मेले याला गणती नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस हिने तो ठेका अंगावर घेऊन माणसे नेमली आणि काम तडीस नेले. बोरघाटातून जाताना आपण खंडाळ्याची हिरवाई बघतो, या बाईचे नाव कोणी घेत नाही.

३७ ला १ म्हणजे नेमके किती अवघड? हिशेब सोपा आहे, दहावीच्या मुलालाही जमेल. १००० टनांची गाडी या चढावर उभी असेल तर ती मागे घसरू नये म्हणून १००० भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ टनांचा ओढा लागतो. हा झाला नुसता तिला धरून ठेवण्याचा खर्च. त्यात इंजिनाचे स्वतःचे वजन मिळवा, चाकांचे घर्षण मिळवा, वळणांचा विरोध मिळवा.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. इंजिनात ताकद कितीही असो, ती रुळापर्यंत पोचते फक्त चाकाच्या पकडीतून. लोखंडी चाक, लोखंडी रूळ. कोरड्या रुळावर चाकांवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकीच पकड मिळते. पावसाळ्यात घाटात रूळ ओला झाला, वर पाने पडली, की ती आणखी घटते आणि चाक जागच्या जागी गरगरते. म्हणून इंजिनाच्या पोटात वाळूच्या पेट्या असतात आणि नळीने चाकापुढे वाळू सोडतात. आजच्या अत्याधुनिक इंजिनातही वाळू असतेच. घाट सगळ्यांना सारखाच वागवतो.

म्हणून जीआयपीने घाटासाठी वेगळी इंजिने मागवली. बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी, म्हणजे पाण्याचे वजनही चाकांवरच पडावे. मध्यावर एका ठिकाणी गाडी आंधळ्या फाट्यात नेऊन उभी करत, इंजिन दुसऱ्या टोकाला लावत आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढत. याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. १९२९ साली नवी आखणी झाली तेव्हा ते गेले, त्याच सुमारास घाटात वीज आली. त्या विजेच्या मालगाडीच्या इंजिनाला आपल्या लोकांनी नाव ठेवले 'खेकडा'. पुढून मागून नांग्यांसारखी दोन तोंडे आणि चालताना कण्हल्यासारखा आवाज! स्वित्झर्लंडमध्ये आखलेल्या यंत्राला कर्जत-लोणावळ्याच्या माणसांनी दिलेले हे नाव आजही रेल्वेच्या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत 'खेकडा' असेच छापतात.

वाफेचे राक्षस

वाफेच्या इंजिनाची अडचण अशी, की ते आपले निम्मे वजन वाया घालवते. स्वातंत्र्यानंतर आपल्या मेल-एक्स्प्रेसची शान असलेले डब्ल्यूपी इंजिन घ्या. १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीकडून पहिली १६ आली, पुढे देशोदेशीच्या कारखान्यांतून आणि आपल्या चित्तरंजनमधून मिळून एकूण ७५५ झाली. नाक बंदुकीच्या गोळीसारखे, त्यावर चांदणी. काय रुबाब! टेंडरसकट वजन १७० टनांच्या आसपास, पण त्यातले ओढणाऱ्या सहा मोठ्या चाकांवर येई फक्त ५५ टन. बाकीचे वजन म्हणजे कोळसा, पाणी आणि आधाराची छोटी चाके. त्यामुळे ओढ १४ टनांच्या आत. मालगाडीचे डब्ल्यूजी थोडे दांडगे, त्याची ओढ साडेसतरा टन.

ही अडचण सोडवण्याचा एक डोकेबाज उपाय हर्बर्ट गॅरट या इंग्रज इंजिनियरने १९०७ साली पेटंट केला. एकाच इंजिनाला चाकांचे दोन वेगळे संच द्यायचे, एक पुढे आणि एक मागे. पाणी आणि कोळसा त्यांच्यावर ठेवायचा, आणि बॉयलर मधे पालखीसारखा टांगायचा. पालखीखाली चाके नाहीत, त्यामुळे भट्टी हवी तेवढी रुंद आणि खोल करता येते. पाण्याचे, कोळशाचे वजन चाकांची पकड वाढवते. आणि एवढे लांब धूड वळणावर तिघडी सापासारखे वळते.

भारतातले सर्वांत मोठे वाफेचे इंजिन याच जातीचे, आणि तेही अशा कंपनीचे की जिच्या नावात आपले नागपूर आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने १९२९ च्या सुमारास मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याकडून 'एन' वर्गाची गॅरट इंजिने घेतली. वजन २३४ टन, एकूण चाके २४, त्यातली १६ ओढणारी. छत्तीसगड-छोटानागपूरच्या डोंगराळ भागातला कोळसा आणि लोखंडाचा दगड ही इंजिने वाहत. त्यातले ८१५ नंबरचे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. दिल्लीला गेलात तर लाल किल्ल्याबरोबर त्याच्यासाठीही एक तास काढा. त्याच्या एका टोकाशी उभे राहिले की दुसरे टोक जणू पुढच्या गल्लीत असते.

जगातल्या राक्षसांत सर्वांत गाजलेला तो अमेरिकेचा 'बिग बॉय'. १९४१ ते ४४ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी अशी २५ इंजिने बांधली. टेंडरसकट लांबी सुमारे ४० मीटर, वजन ५४० टनांहून जास्त. ३६०० टनांची गाडी वासाच डोंगरावर एकट्याने चढवावी, मागून धक्का द्यायला दुसरे इंजिन लागू नये, एवढ्यासाठी तो घडवला. आता मौज बघा. तो डोंगर साधारण ८८ ला १ चढाचा आहे. आपला बोरघाट ३७ ला १! राक्षस त्यांच्याकडे होते हे खरे, पण त्यांच्यापेक्षा कडा घाट आपल्याकडे होता.

राक्षसाचा धाकटा भाऊ भारतात आला

बिग बॉय बांधला न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने. तिचे छोटे नाव अल्को. हे नाव वाचून आपल्या मंडळातल्या डिझेल शेडमधल्या मंडळींचे कान टवकारले असतील!

होय, तीच अल्को. भारतीय रेल्वेने १९५७ पासून तिच्याकडून डब्ल्यूडीएम-१ ही १०० डिझेल इंजिने घेतली. मग जास्त ताकदीचे इंजिन हवे झाले. जनरल मोटर्स आणि अल्को, दोघांचीही २६०० अश्वशक्तीची इंजिने १९६२ च्या आसपास आली. जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-४ यंत्र म्हणून उत्तम होते. १९६९ साली पहिल्या राजधानीला तेच लावले. पण आपल्याला नुसते इंजिन नको होते, ते बनवायची विद्याही हवी होती. ती द्यायला अल्को तयार झाली. वाराणसीच्या डिझेल कारखान्यातून जानेवारी १९६४ मध्ये पहिले देशी डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडले. पुढे या एकाच जातीची अडीच हजारांहून जास्त इंजिने झाली.

पाच वर्षांनी, १९६९ साली, स्केनेक्टडीची अल्को कंपनीच बंद पडली. ज्या घरात बिग बॉय जन्मला ते घर बसले, पण त्याच घरातली १६ सिलिंडरची विद्या वाराणसीला, गुत्तीला, पुण्याला, तोंडियारपेटला नांदत राहिली. आपल्या कारखान्यांनी तीच यंत्ररचना सुधारत २६०० वरून ३१०० आणि ३३०० अश्वशक्तीवर नेली. मूळ कंपनी मेल्यानंतरही भारतात तिची इंजिने चार दशकांहून जास्त काळ बनत होती. विद्या विकत घेणे आणि विद्या अंगी मुरवणे यातला फरक मला इथे दिसतो.

आता तोच घाटाचा हिशेब डब्ल्यूडीएम-२ ला लावू. वजन ११२.८ टन, सहा आसे, सहाही आसांना विजेची मोटर. म्हणजे वजनाचा किलोन् किलो पकडीसाठी कामाला. सुरुवातीची ओढ ३०.४ टन, डब्ल्यूपीच्या दुपटीहून जास्त. १००० टनांची गाडी आणि इंजिन मिळून १११३ टन, भागिले ३७, म्हणजे नुसत्या चढासाठी ३० टन. ताकद संपली! घर्षणाला काही उरलेच नाही. म्हणूनच आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात, आणि ती लागेपर्यंत आपल्याला बटाटेवडा खायला वेळ मिळतो.

अनेकांना वाटते की डिझेल इंजिनाची चाके मोटारगाडीसारखी थेट इंजिनाने फिरतात. तसे नाही. आत ९ इंच व्यासाचे १६ पिस्टन व्ही आकारात काम करतात, पूर्ण जोरात मिनिटाला १००० फेरे. ते एक जनरेटर फिरवतात, त्याची वीज आसांवरच्या मोटरींना जाते आणि मोटरी चाके फिरवतात. म्हणजे हे आपल्याबरोबर स्वतःचे वीजघर घेऊन फिरणारे विजेचे इंजिन. लोको पायलटच्या हातात आठ पायऱ्यांचे हँडल असते, एकेक नॉच वाढवत न्यायचा. नॉच वाढला की तेल लगेच जास्त जाते, पण हवा कोंबणारा टर्बो वेग घ्यायला थोडा वेळ घेतो. तेवढ्या काळात अल्को काळाभोर धूर सोडते. छायाचित्रे काढणाऱ्या हौशी मंडळींना तो धूर फार प्रिय, आम्हा शेडवाल्यांना मात्र तो तेलाचा अपव्यय दिसतो.

धूर वाचणारे, आवाज ऐकणारे

माझे वडील दौंडला फायरमन होते, पुढे वाफ गेल्यावर डिझेल असिस्टंट झाले. ते म्हणत, "कोळसा टाकता सगळ्यांनाच येतो, पसरता फार थोड्यांना." भट्टीच्या जाळीवर कोळसा पातळ आणि सारखा पसरला पाहिजे, कोपऱ्यात किंचित जास्त. जमले आहे की नाही हे धुराड्याकडे बघून कळे. फिका राखाडी धूर असेल तर विस्तव बरोबर. काळा असेल तर कोळसा वाया. पांढरट, जवळजवळ दिसेनासा झाला तर विस्तवाला भोके पडली, थंड हवा आत शिरते आहे. हे कुठल्याही पुस्तकापेक्षा त्यांनी आपल्या उस्तादाकडून शिकले, शिव्या खाऊन.

मी नोकरीला लागलो तेव्हा ब्रॉडगेजवरची वाफ गेलेली होती. तिची शेवटची नियमित गाडी १९९५ सालीच धावली. मला शिकवले डिझेलच्या एका तमिळ फिटरने. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. माझे तमिळ तेव्हा 'सापाटु आच्चा?' इथपर्यंतच होते, त्यांना हिंदी येत नव्हते. अण्णा लांब लोखंडी सळईचे एक टोक इंजिनाच्या अंगाला आणि दुसरे कानाला लावत आणि बोटे दाखवत, पाच, किंवा अकरा. त्या नंबरचा सिलिंडर उघडला की दोष तिथेच सापडे. इंजिन बंद केल्यावर ते घड्याळ काढून शांत उभे राहत. टर्बो आपल्या वेगाने किती वेळ फिरत राहतो हे ऐकत. साधारण दीड ते तीन मिनिटे फिरला तर बेअरिंग ठणठणीत. लवकर थांबला तर आत काहीतरी घासते आहे. ही चाचणी पुस्तकातही आहे. पण तो थांबताना कसा थांबतो, सावकाश मावळतो की अडखळतो, हे पुस्तकात नाही. ते अण्णांच्या कानात होते.

वडिलांचा धूर आणि अण्णांचा आवाज. एक मराठी, एक तमिळ, दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण दोघांची विद्या एकाच जातीची होती.

पेरांबूरची करामत

ही विद्या टिकली तर काय होते याचे उदाहरण आपल्या चेन्नईतच आहे, आणि ते मला बिग बॉयपेक्षा मोठे वाटते.

ईस्ट इंडियन रेल्वेचे २१ नंबरचे इंजिन १८५५ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावी बांधले गेले. १९०९ साली ते सेवेतून निवृत्त झाले, आणि पुढची शंभर वर्षे जमालपूर, हावडा इथे शोभेची वस्तू म्हणून उभे राहिले. ते पेरांबूरच्या लोको वर्क्समध्ये आणले गेले. गंजलेले, कित्येक भाग गायब. आपल्या कामगारांनी बरेच भाग नव्याने घडवले, आणि १५ ऑगस्ट २०१० रोजी ते स्वतःच्या वाफेवर चेन्नई सेंट्रलहून अवाडीकडे धावले. १८५७ च्या बंडाच्याही आधीचे यंत्र! त्यानंतरही हेरिटेज फेऱ्यांसाठी ते निघते. याचेच भावंड, २२ नंबरचे 'फेअरी क्वीन', त्याचीही दुरुस्ती पेरांबूरलाच झाली. ताकद म्हणाल तर ही इंजिने सव्वाशे-दीडशे अश्वशक्तीची. आजच्या एका चांगल्या मोटारगाडीएवढी. राक्षस नव्हेत, खेळणीच.

हे काम दक्षिण रेल्वेलाच का जमले? माझ्या मते त्याचे उत्तर निलगिरीच्या डोंगरात आहे. मेट्टुपाळयम ते कुन्नूर या भागात रूळ सुमारे साडेबारा फुटांना एक फूट चढतो. तिथे नुसती पकड पुरत नाही, मधे दातेरी पट्टी लागते. त्या मार्गावर वाफ कधी थांबलीच नाही. त्यामुळे तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपमध्ये वाफेचे काम करणारे हात टिकून राहिले. २०११ पासून तर तिथे या डोंगरासाठी नवी वाफेची इंजिने बांधली गेली. बाकी देशात बहुतेक वाफेची इंजिने संग्रहालयात गेली, इथे ती वर्कशॉपमध्ये राहिली. लोखंड दोन्हीकडे जपले गेले, कसब एकीकडेच.

अमेरिकेतही तसेच. बिग बॉय १९५९ साली शेवटचा धावला. त्यातला ४०१४ नंबरचा पन्नास वर्षे कॅलिफोर्नियात उभा होता. २०१३ साली कंपनीने तो परत घेतला आणि मे २०१९ मध्ये तो पुन्हा रुळावर चालवला. जी गोष्ट एका महाबलाढ्य कंपनीने वर्षे घालवून केली, तीच गोष्ट आपल्या पेरांबूरच्या मंडळींनी तिच्याआधी नऊ वर्षे करून दाखवली होती. यंत्राचा आकार वेगळा, पण मरण पावलेली वाफ जागी करणे तेच.

आता पाळी डिझेलची

हे सगळे आज लिहायचे कारण असे की आता डिझेल निघाले आहे. ब्रॉडगेजच्या जवळजवळ सर्व मार्गांवर वीज आली. आपल्या मुंबई-चेन्नई मार्गावर बरीच वर्षे पुण्यापर्यंत विजेचे इंजिन आणि पुढे डिझेल अशी रीत होती, तीही संपली. मुराररावांच्या घोरपडे घराण्याची गुत्ती, पुणे, कल्याण, या डिझेलच्या नामांकित शेडमध्ये आता विजेची इंजिने येतात. वाराणसीच्या कारखान्याचे नावातले 'डिझेल' २०२० साली गेले. तिथे तर जुन्या डिझेल इंजिनांचे रूपांतर करून विजेचे जोड-इंजिनही बनवले गेले.

यात दुःख करण्यासारखे काही नाही. विजेचे इंजिन बळकट, स्वच्छ, स्वस्त आहे, आणि माझ्या पुढच्या बढतीचे प्रशिक्षणही त्याचेच झाले. बिहारच्या मढौऱ्यात ४५०० आणि ६००० अश्वशक्तीची डिझेल इंजिने तयार झाली, पण त्यांच्या आतला संगणकच दोष सांगतो. सळई कानाला लावावी लागत नाही. अल्कोकडून आलेले पहिले डब्ल्यूडीएम-२ दिल्लीला संग्रहालयात जपले आहे. चेन्नईलाही आयसीएफच्या आवारात २००२ पासून चांगले रेल्वे संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जरूर जावे. लोखंडाची काळजी नाही.

काळजी आहे ती धूर वाचणाऱ्या डोळ्यांची आणि आवाज ऐकणाऱ्या कानांची. वाफ गेली तेव्हा फायरमन मंडळींना कोणी विचारले नाही की तुम्हाला काय येते ते लिहून द्या. माझे वडील गेले, त्यांची विद्या मला चार वाक्यांपुरतीच ठाऊक आहे. अण्णा निवृत्त होऊन गावी गेले. उद्या पन्नास वर्षांनी कोणा हौशी तरुणांनी एखादे डब्ल्यूडीएम-२ पुन्हा सुरू करायचे ठरवले, तर त्यांना नकाशे मिळतील, मोजमापे मिळतील. टर्बो थांबताना कसा वाजला पाहिजे हे त्यांना कोण सांगेल?

आपल्या मंडळात रेल्वेची मंडळी कमी नाहीत. पेरांबूर, आयसीएफ, तोंडियारपेट, बेसिन ब्रिज, प्रत्येक ठिकाणचे कोणी ना कोणी आरतीला हजर असतेच. निवृत्त काकांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्या कामातली एकेक अशी गोष्ट लिहावी, जी मॅन्युअलमध्ये नाही. मराठीत लिहा, तमिळमध्ये सांगा, बसल्या जागी नुसते बोलून दाखवा, लिहून काढायचे काम आम्ही करू. आपल्या तमिळ सहकाऱ्यांकडूनही ती मिळवू, कारण ही विद्या कुठल्याही एका भाषेची नाही. आणि ज्यांच्या घरी आजोबांचे जुने ड्युटी कार्ड, एखादे हँडबुक, शेडमधला जुना फोटो असेल, त्यांनी तो रद्दीत टाकण्याआधी एकदा मंडपात आणून दाखवावा. मी दहाही दिवस संध्याकाळी तिथेच असतो.